अटलांटिकवरची बाज

“अगं आई, आत्याबाईला झोपवूनच न्यावं लागून राहिलं अमेरिकेला. बसून न्हाई जमायचं. डॉक्टर म्हणले की आता—”

एवढंच ऐकलं मी. शेजारची रेखा ज्वारीचा डबा घेऊन दळणाला आली होती आणि फोनवर तिच्या आईशी बोलत होती. नेमकी त्याच वेळेला आमच्या ह्यांनी गिरणी चालू केली. पुढचं सगळं घरघरीत गेलं. आता मला सांगा, असं अर्धं वाक्य पोटात घेऊन बाईमाणसानं जगायचं कसं?

तर ऐका. मी जो घोळ घातला तो अख्ख्या गल्लीला पाठ आहे, तेव्हा दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेला बरा. हसायचं तर खुशाल हसा. मी मान खाली घालून सांगणार नाही. माझं काही चुकलं नाही! म्हणजे चुकलं, पण ते पार शेवटी, आणि तेही विमानातल्या टीव्हीमुळं.

आमचं घर औंढ्याला. पुढं गिरणी, मागं आम्ही. भिंतीला भिंत लागून विमलबाईचं घर. रेखा तिची सून, सासूला आत्याबाई म्हणते. लेक अर्चना अमेरिकेत, तीही पार पलीकडच्या टोकाला, आणि तिचे दिवस भरत आलेले. विमलबाई बाळंतपणाला जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. अळीव, डिंक, खसखस, सगळं निवडून मीच दिलं होतं. पण झोपवून? परवापर्यंत ही बाई माझ्याशी नळावर भांडत होती की!

मी कुणाला काही बोलले नाही. फक्त समोरच्या गयाबाईला सांगितलं. आणि दळण घेऊन आलेल्या दोघीतिघींना, पण त्यांनी माझा चेहरा बघून विचारलं म्हणून. खोटं कसं बोलायचं?

मग विरजणाची रिकामी वाटी घेतली आणि गेले शेजारी. बघते तर काय! विमलबाई अंगणात बाजेवर लोळत भाजलेल्या शेंगा खातेय.

“या कांताबाई. आज बी विरजण नासलं वाटतं?”

“विमलबाई, खरं सांगा. काय झालंय तुमाला?”

“मला? मणक्यात गॅप हाय, ते काय नवीन हाय का? डॉक्टर म्हणला, लई वेळ बसून जायचं न्हाई, कंबर धरंल. म्हणून जावईबापू झोपायच्या सीटचं तिकीट काढून राहिले.”

“झोपायची सीट? विमानात?”

“व्हय. बटण दाबलं की पलंग होतो म्हणं. गादी, उशी, पांघरूण, सगळं.”

तुळशीपाशी मोबाइल उभा करून ठेवला होता. त्यात अर्चना आणि तिचा नवरा दिसत होते. जावई बिचारा सेनगावकडचा, साधा माणूस. कंपनीच्या कामाला सारखा विमानानं फिरतो, त्याचे कसले पॉइंट साठले होते. त्यात एकाच टप्प्याची बिझनेस क्लासची सीट बसत होती. हैदराबादहून युरोपापर्यंत साधी, आणि तिथून पुढं अटलांटिक समुद्रावरून अमेरिकेच्या त्या टोकापर्यंत झोपायची.

“मावशी, बरं झालं आलात,” जावई म्हणाला. “आईंना सीट निवडायला लावा. खिडकीची घ्यायची का मधली? चांगल्या सीट लवकर जातात हो.”

मोबाइलमध्ये विमानाचं चित्र आलं. आतल्या सीटा छोट्या छोट्या खोक्यांसारख्या. मी चष्मा लावून नीट बघितलं. आणि बरं झालं बघितलं! काही सीटांची तोंडं एकीकडं, काहींची दुसरीकडं.

“जावईबापू, ह्या उलट्या काहून?”

“तशीच रचना आहे मावशी. एक रांग पुढं तोंड करून, एक मागं. काही फरक पडत नाही.”

फरक पडत नाही! आता तुम्ही सांगा, माणूस झोपणार म्हणजे त्याचे पाय कुठल्या तरी दिशेला होणार की नाही? आणि दक्षिणेकडं पाय करून कुणी झोपतं का? आपल्याकडं मेलेल्या माणसाला निजवतात तसं! ही बाई जीव जन्माला घालायच्या कामाला निघालेली, आणि सातासमुद्रावर यमाकडं पाय करून निजणार? मी हे बोलून दाखवलं आणि विमलबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

“अगं बाई,” ती म्हणाली, “हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई.”

“तुमच्या कसं येईल! म्हणून तर शेजार लागतो.”

“मावशी,” अर्चना वैतागून म्हणाली, “विमान पश्चिमेला जातंय. दक्षिणेचा काय संबंध?”

“नकाशा दाखव बरं. रेघ कशी जाती ते बघू दे.”

तिनं दाखवला. आणि बघा, मी अडाणी नाही! सातवी पास आहे मी, आणि भूगोलात कधी मागं नव्हते. ती रेघ काही सरळ पश्चिमेला जात नव्हती. आधी वर चढत होती, पार बर्फापर्यंत, आणि मग घसरगुंडीसारखी खाली येत होती. खाली म्हणजे काय? दक्षिण!

“बघ! शेवटाला पाय बराबर दक्षिणेला!”

“मग उलटी सीट घ्या,” जावई म्हणाला.

“मग आधी दक्षिणेला होतील ना!”

कुणालाच नीट उमजेना. विमलबाई म्हणे पुढं तोंड, रेखा म्हणे मागं. मग मी म्हटलं, एवढी डोकेफोड कशाला, करूनच बघू ना. बाज आहे, विमलबाई आहे, अंगण आहे. विमलबाईला म्हटलं, झोपा सरळ. डोक्याकडून मी धरलं, पायाकडून रेखानं.

“आता निघालं विमान. रेखा, चल वायव्येला. विमलबाई, डोळे मिटा, झोप लागलीय तुमाला.”

“हळू गं बायांनो, कंबर!”

“आता आला समुद्र. आता बर्फ. आता हळूहळू वळव... वळव... दक्षिण, दक्षिण!”

त्या बाजेला घेऊन आम्ही अंगणात गोल फिरतोय, विमलबाई डोळे मिटून, हात छातीवर ठेवून गप्प पडलेली. आणि गयाबाईनं भिंतीवरून डोकं काढलं.

तिचा तरी काय दोष? सकाळीच मी तिला सांगितलेलं, की विमलबाईला झोपवून न्यावं लागतंय. आणि समोर काय, तर झोपलेली विमलबाई, बाज उचललेली, आणि पाय दक्षिणेकडं!

“बाई गंऽऽ! विमलऽऽ!”

असा हंबरडा फोडला तिनं की देवळापाशी प्रसादाची दुकानं लावणारेसुद्धा धावत आले. दळणवाल्या दोघी तर आधीपासून तयारच होत्या, एकीच्या हातात केळी, दुसरीच्या हातात नारळपाणी. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही ना. कुणी नागनाथाचा अंगारा आणला. गयाबाई घरात पळाली आणि काशीहून आणलेली गंगाजलाची सीलबंद लोटी घेऊन आली. सील तोडायला दात लावले बाईनं!

“तोंड उघडा गं तिचं, तोंड उघडा!”

विमलबाईनं डोळे उघडले. तोंडावर लोटी.

“गयाबाई, काय पाजून राहिली मला?”

लोटी पडली. गयाबाई मागं सरकली ती नारळपाणीवालीच्या पायावर. कुणीतरी किंचाळलं. कुणीतरी पाया पडलं!

“अगं मी अमेरिकेला चालले, वर न्हाई!” विमलबाई ओरडली. “कोण म्हणलं मी सिरीयस हाय?”

आणि सगळ्या गल्लीनं माझ्याकडं बघितलं. एकजात सगळ्यांनी! मी काय केलं माहीत आहे? मीही मागं वळून बघितलं, कोण आहे म्हणून.

“बघून काय राहिल्या?” मी म्हटलं. “झोपवून नेणार म्हणले मी. नेणारच हायत झोपवून. यात खोटं काय हाय? सिरीयस हा शब्द माझ्या तोंडचा न्हाई. तो गयाबाईनं घातला.”

“मी? तूच तर डोळ्याला पदर लावून सांगितलं!”

“पीठ गेलं होतं डोळ्यात!”

ह्या सगळ्या गोंधळात तुळशीपाशी मोबाइलमधून जावई केव्हाचा ओरडत होता. “आई! मावशी! अहो, खिडकीची सीट गेली! दोनच राहिल्या, एक सुलटी, एक उलटी. पटकन सांगा, नाहीतर ह्याही जातील. मग अख्खा समुद्र बसून यावं लागंल!”

बसून! म्हणजे कंबर गेली. कंबर गेली म्हणजे अर्चनाच्या बाळंतपणाला कोण? तिची सासू देवाघरी गेलेली, तिकडं दुसरं कुणी नाही. विमलबाईचं तोंड एवढंसं झालं. माझ्याकडं बघून म्हणाली, “कांताबाई, तुमी सांगाल ती सीट.”

एवढ्या माणसांसमोर तिनं माझ्यावर टाकलं. मग काय, मी पदर खोचला.

“जावईबापू, सुलटी घ्या. विमलबाई, तुमी काळजी करू नका. समोर टीव्ही असतो ना, त्यात नकाशा दिसतो. पाय दक्षिणेला वळलेत असं वाटलं की उठून बसायचं. सरळ झाले की परत निजायचं. हाय काय त्यात!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. गयाबाईनंसुद्धा. मी घरी आले तर हे म्हणाले, “विमान काय तुला विचारून वळणार आहे का?” मी म्हटलं, तुम्ही दळण बघा.

विमलबाई गेली. आम्ही ओटी भरली, गाडीपर्यंत सोडायला गेलो, रडलो. तिला म्हटलं, उतरल्यावर फोन करा.

फोन काही आला नाही. मग एका सकाळी अर्चनाचा आला. मी गिरणीत होते, चार बायका दळणाला बसलेल्या. मी मुद्दाम आवाज मोठा ठेवला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. हीच चूक झाली. पण असू द्या.

“काय गं, आई पोचली ना नीट? झोप लागली ना विमानात?”

“मावशी,” ती म्हणाली, “आई एक मिनिट आडवी झाली न्हाई.”

“काहून?”

“तुमी सांगितलं ना, पाय दक्षिणेला वाटले की उठायचं! सीट तिरकी होती. अन् टीव्हीतला नकाशा आपोआप फिरत होता, कधी वरून, कधी बाजूनं. तिला दक्षिण कुठं कळंना. म्हणून ती अख्खा समुद्र मांडी घालून बसली. त्या विमानातल्या पोरीनं गादी अंथरून दिली तर हिनं ती घडी करून मांडीवर घेतली.”

गिरणीतल्या बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. गयाबाई तर भिंतीला धरून हसत होती.

“मग आता कंबर?” मी हळूच विचारलं.

“धरली ना! आली तशी पडून हाय. मला उद्यापरवा दवाखान्यात जायचं, अन् आज मी तिला शेकून राहिले. तिनं आणलेले लाडू तिलाच चारून राहिले.”

आता गप्प बसावं की नाही माणसानं? पण चार बायका माझ्याकडं बघत होत्या. हार मानायची म्हणजे जन्मभर गयाबाईचं ऐकायचं. मी मान वर केली.

“हे बघ अर्चना, कंबर काय, आज धरली उद्या सुटंल. पण दक्षिणेकडं पाय तर न्हाई ना झाले! सगळा समुद्र ओलांडला, पाय एकदा बी वाकडे पडले न्हाईत. ही काय लहान गोष्ट हाय?”

तिकडून पलंगाभोवती फिरल्यासारखी पावलं वाजली.

“मावशी,” ती म्हणाली, “आमच्या इथला पलंग भिंतीत बसवलेला हाय. हलत न्हाई. मी आत्ता मोबाइलवर दिशा बघून राहिले...”

“मग?”

“आईचे पाय दक्षिणेलाच हायत. आल्यापासून.”

मागं काहीतरी धडपडल्याचा आवाज आला. मग विमलबाईची हाक, मग भांडं पडलं, आणि मग जावईबापूंचा आवाज, रडवेला:

“मावशी, हात जोडतो, फोन ठेवा! ऐकलं आईंनी. परत मांडी घालून बसल्या!”