मगातलं फळ

माझी मावशी जॅमच्या कारखान्यात तीस वर्षं फळ शिजवत होती, आणि तेवढीच वर्षं वजनकाट्याला नावं ठेवत होती. साखर किलोने, फळ मात्र तिच्या ॲल्युमिनियमच्या मगाने. चिरलेलं आलुबुखार मगात भरायचं, मग ओट्यावर दोनदा आपटायचा, फळ खाली बसलं की वर आणखी भरायचं. आपण मग आपटतो हे तिच्या गावीही नव्हतं.

आता तिला उभं राहवेना. मालक म्हणाले, "मावशी, सगळं वजनात लिहून द्या. त्या कागदावरून भाचीने जॅम करून दाखवला तर तुमची शेगडी तिची. पण तुम्ही मध्ये एक शब्द बोललात तर परीक्षा संपली." मला ती जागा हवीच होती. दोन वर्षं मी तिथे नुसत्या बाटल्या पुसत होते.

कारखान्यातला काटा पोती तोलायचा, एका मगाने त्याची सुई हलायची नाही. म्हणून मावशीने शेजारच्या डॉक्टरीणबाईंचा स्वयंपाकघरातला, काचेच्या तबकाचा काटा मागून आणला, घरी एक मग तोलला आणि लिहिलं : एक मग, सहाशे ग्रॅम. एका भांड्याला वीस मग, म्हणजे बारा किलो.

दुसऱ्या दिवशी मी बरोबर बारा किलो फळ चढवलं, ठरलेली साखर घातली. मालक घड्याळ बघत उभे, मावशी दाराशी तोंडाला कुलूप लावून. अर्ध्या तासात मला कळलं, काहीतरी बिनसलंय. नुसता पाक उकळत होता, फळ कमी पडलंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तरी मी कागदाप्रमाणेच ढवळत राहिले. मालकांनी थंड बशीत थेंब टाकून बशी कलती केली. थेंब धावत सुटला; जॅम धरलाच नव्हता.

"थांबा!" मावशी ओरडली. "चूक माझी आहे. मी नेहमी मग आपटून भरते, हे मला आत्ता उमगलं. काल मग काट्यावरच ठेवून भरला, लोकांची काच फुटेल म्हणून हळूच."

"तुम्ही बोललात," मालक म्हणाले.

"बोलले. पोरीच्या माथी कशाला मारू?"

मालक माझ्याकडे वळले. "तुला कळलं नाही?"

"कळलं होतं."

"मग?"

"कागद मावशीचा होता."

मावशी भडकलीच. "माझी भीड धरून भांडंभर जॅमचं वाटोळं करत होतीस? मग हिला शेगडी देऊच नका, मालक!"

असा राग आला मला तिचा! आणि तिचं खरं होतं म्हणून जास्तच आला.

मी मग आपटून भरला, मावशीने पिशवीतून आणलेल्या काचेच्या काट्यावर ठेवला. मगाचं वजन वजा जाता साडेसातशे. म्हणजे भांड्यात तीन किलो फळ कमी. मालकांचं पेन मागितलं, मावशीच्या देखत तिचा आकडा खोडला आणि माझा लिहिला. तिने फळांची पाटी माझ्यापुढे ओढली, आणि मी कमी पडलेलं फळ भांड्यात घातलं.

मालकांनी कागद वाचला. "खाली सही कर," ते म्हणाले. "त्यांची नको. तुझी."