टिळकनगरचा सायक्लोन

धम्मपाल सोनकांबळे मॉलच्या सरकत्या जिन्यावरसुद्धा डोळे मिटून उभा राहायचा. जत्रेतला पाळणा लांबून दिसला तरी तो रस्ता बदलायचा. आणि हाच माणूस घाटकोपरच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवून आला, की टिळकनगरच्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून भल्याभल्यांची बोबडी वळेल असे लाकडी रोलर कोस्टर बांधायचा.

म्हणजे गेममध्ये. त्यात अख्खं पार्क उभारता येतं, पॉपकॉर्नचे स्टॉल टाकता येतात, पब्लिक आत सोडता येतं. धम्मपालला स्टॉलबिलमध्ये रस नव्हता. जगात कुठेतरी खरोखर उभे असलेले कोस्टर त्याला फळीला फळी जुळवून तस्सेच्या तस्से बांधायचे असत. तेही लाकडीच. "लोखंडाला काय, कसंही वाकवा," तो म्हणे. "लाकूड करकरतं यार! जिवंत असल्यासारखं."

त्या वर्षी त्याने न्यूयॉर्कच्या समुद्रकाठचा सायक्लोन नावाचा जुना कोस्टर हाती घेतला होता. फोटो मोठे करून करून तो खांब मोजत बसे. बायको, शीतल, चहा ठेवताना विचारी, "झाला का रे तुझा मांडव?"

तेवढ्यात परभणीहून सासूबाई आल्या. द्रौपदीबाई. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नव्या डोळ्यांनी त्या घरातली एकूणएक गोष्ट तपासायला लागल्या. डब्यातली मुंगी, पंख्यावरची धूळ, आणि एका रविवारी दुपारी जावयाचा स्क्रीन.

"जावईबापू, ही बाई कोण? मघापासून बाकड्यावर बसलीये."

गेममधल्या माणसांना नावं देता येतात, म्हणून त्याने सोसायटीतली आणि नात्यातली सगळी मंडळी पार्कात सोडली होती. शीतलने वाकून वाचलं आणि फिस्सकन हसली. "आई, ती तूच आहेस. नाव लिहिलंय, द्रौपदी. आणि तिच्या डोक्यात काय चाललंय तेही लिहिलंय. तिला बाथरूमला जायचंय."

"मग जाऊ द्या ना!"

"पार्कात बाथरूम नाही बांधलेलं," धम्मपाल पुटपुटला.

"कामून?"

सायक्लोनचा पहिला उतार अर्धवट सोडून त्याला शौचालय बांधावं लागलं. एकाने भागलं नाही. द्रौपदीबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि दर वळणापाशी एकेक बांधून घेतलं. तळमजल्यावरचे क्लेमेंट अंकल बाकड्यापाशी ओकताना दिसले, तर त्यांच्यासाठी लिंबू सरबताची गाडी लावायला लावली.

कोस्टर पुरा झाल्यावर धम्मपालने परदेशातल्या कोस्टरवेड्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले. सगळ्यांनी वाहवा केली. एकाने तेवढं विचारलं, खऱ्या सायक्लोनभोवती एवढी शौचालयं कुठे आहेत? धम्मपालने उत्तर टाकलं, 'फॅमिली रिक्वायरमेंट.'

उद्घाटनाला तिघंही स्क्रीनसमोर बसले. गेममधली द्रौपदी रांगेपर्यंत गेली, मान वर करून बघितलं, आणि सरळ माघारी फिरली.

"काय म्हणतेय ती?"

शीतलने जपून वाचलं. "ही राइड माझ्यासाठी फारच भयंकर आहे."

"मी?" द्रौपदीबाई उठून उभ्या राहिल्या. "परकर खोचून विहिरीत मुटका मारणारी मी! मला भित्री केलं?"

"मी नाही केलं, गेम स्वतःच ठरवतो..."

"गेमला दाखवते मी. खरा कुठं आहे?"

न्यूयॉर्क परवडणारं नव्हतं. पुढच्या रविवारी तिघं खोपोलीच्या बाजूच्या एका पार्कात गेले. कोस्टर लोखंडी होता, यावर धम्मपालने बरीच भिस्त ठेवली होती. "हा खरा कोस्टरच नव्हे, ह्यात काय बसायचं," असं तो रांगेत तीनदा म्हणाला. सासूबाईंनी त्याचा दंड धरून त्याला पहिल्या डब्यात बसवलं. शीतल पर्सा सांभाळायला खाली थांबली.

गाडी वर चढायला लागली तशी धम्मपालची जीभ सुटली. "ही चेन ओढते आपल्याला. हा टकटक आवाज आहे ना, तो गाडी मागे घसरू नये म्हणून..."

"गप बसा हो. बघू द्या."

मग गाडी खाली सुटली. लग्न झाल्यापासून सासूला काय हाक मारावी हे धम्मपालला कधीच सुधरलं नव्हतं; 'अहो, ऐकलंत का' वर त्याने दिवस काढले होते. त्या उतारावर त्याने "आईऽऽ गं!" अशी आरोळी ठोकली, की खाली उभ्या असलेल्या शीतलला ती स्वच्छ ऐकू आली. द्रौपदीबाईंनी दोन्ही हात हवेत सोडले होते. एकाला लगेच जावयाने मिठी मारली.

उतरल्यावर तो बाकड्यावर बसला, पांढराफटक पडलेला. द्रौपदीबाईंनी पदराने त्याला वारा घातला, सरबत पाजलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"बरं वाटतंय का, बाळा?"

त्याने मान डोलावली.

"मग मी अजून एकदा जाऊन येते," त्या म्हणाल्या, आणि शीतलला ओढत रांगेकडे निघाल्या.