पहाऱ्याची बोट

आमच्या चौक गावच्या बस स्टॉपवर माझ्या नवऱ्याचा बॅनर लागला, तेव्हा मी भाईंदरच्या बाजारातून मासळी विकून बसमधून उतरत होते. बॅनरवर हात जोडलेले पाच-सहा पुढारी आणि वर कोपऱ्यात हे. आमच्या लग्नातला फोटो अर्धा कापून घेतलेला, गळ्यातला हार तसाच ठेवलेला. खाली लिहिलेलं, ‘परदेशी जहाजाची तार कापताना वीरमरण’. मी तिथंच टोपली आपटली. वीरमरण म्हणे! अरे, माझा माणूस तार कापायला गेलाच नव्हता.

नीट सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

सरकारी तेल कंपनीला आमच्या समुद्राच्या पोटात तेल आहे का ते बघायचं होतं. त्यासाठी परदेशातलं एक जहाज आलं. मागे मैलोन्‌मैल लांब तार ओढत चालायचं. तार पाण्यात असेपर्यंत तिकडे कुणी जाळं टाकायचं नाही, फिरकायचंसुद्धा नाही. आणि ते आलं कधी, तर ऐन हंगामात, बोंबील लागलेले असताना. आमच्या भागातल्या पुढाऱ्यानं काळे झेंडे लावून बोटींचा मोर्चा काढला. आम्ही बायका काशीमीऱ्याच्या नाक्यावर रस्त्यात बसलो, ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. पुढच्या वर्षी त्याच पुढाऱ्यानं पक्ष बदलला. जहाज परत आलं, आणि त्याच्याभोवती पहारा द्यायला कोळ्यांच्याच बोटी भाड्यानं लागल्या. कंत्राट कुणाचं? पुढाऱ्याच्या मेव्हण्याचं. मग विधानसभेत आरोप झाले, जहाजवाल्या परदेशी कंपनीनं कुणाकुणाला चारलं त्यावर टीव्हीवर भांडणं झाली. पहाऱ्याच्या बोटी आपल्या चालूच.

माझ्या पाठच्या भावानं आपली बोट पहाऱ्याला लावली. त्याचं इंजिन जुनं, सारखं बंद पडायचं, डिझेल परवडत नव्हतं, हे मला कळत होतं. पण काम काय? आपल्याच माणसांना त्यांच्या नेहमीच्या जागेवरून हाकलायचं. ह्यांनी त्याला आमच्या ओट्यावर सुनावलं, “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! परत माझ्या दारात पाय ठेवू नको.”

भाऊ म्हणाला, “भावोजी, मी न्हाय घेतलं तर दुसरा घेल.”

“मग दुसऱ्याला घेऊ दे.”

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. गणपतीतसुद्धा तो आला नाही. मी मधल्या मधे, माहेरी चोरून जायची.

आता आमच्यातली एक रीत. समुद्रात बोट उभी दिसली आणि तिचं जाळं पाण्यात नसलं, तर समजायचं इंजिन बंद पडलंय. मग ती वैऱ्याची का असेना, जवळ जायचं, दोर टाकायचा, ओढून किनाऱ्याला आणायची. त्यात कुणी उपकार केल्यासारखं वागत नाही.

त्या सकाळी हे मासळी घेऊन परतत होते. सोबत दोन खलाशी, झारखंडचे. वाटेत भावाची बोट उभी, जाळं नाही, हालचाल नाही. पहाऱ्याच्या बोटीनं इंजिन बंद करून एका जागी उभं राहायचं असतं, हे ह्यांना काय माहीत? जहाज तर लांब, आभाळाच्या कडेला होतं. ह्यांना वाटलं, माझ्या भावाचं इंजिन गेलं. खलाशांनी मला नंतर सांगितलं, “सेठ ने गाली दी, बोले, मरने दूँ क्या उसको, मेरी औरत का भाई है. बोट घुमाया, रस्सी फेंका.” तेवढ्यात पाण्याखालची तार ह्यांच्या बोटीच्या पंख्यात अडकली. जहाजानं बोट आडवी ओढली आणि उलटी केली. खलाशी बाहेर फेकले गेले, वाचले. हे आत अडकले. नंतर उत्तनच्या बाजूला किनाऱ्याला लागले.

खलाशांनी हे पोलीस चौकीतही सांगितलं. तिथं कुणी लिहून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याच्या माणसांनी त्यांना झारखंडच्या गाडीत बसवून दिलं. आता त्यांचे फोन लागत नाहीत.

मग सुरू झाला तमाशा. पुढारी म्हणाला, विरोधकांनी पढवलेला माणूस, सरकारी कामात घातपात करायला आला होता. विरोधक म्हणाले, होय, आमचाच, तार कापायला गेला, देशासाठी गेला. चोर चोर मावसभाऊ! भांडण नावाला, खोटं दोघांचं एकच. बॅनर लावणाऱ्या पोरांना मी म्हटलं, काढा तो. तर म्हणतात, “मावशी, मान आहे हा.” मान? त्यांना मदतीला जायला पक्ष लागत नव्हता रे, मेल्यांनो. ज्याचं तोंड बघणार नाही म्हणाले, त्याच्यासाठी बोट वळवली, आणि आता जग त्यांना कोयता घेऊन निघालेला माणूस म्हणतंय.

कंत्राटाची आणि अपघाताची चौकशी करायला समिती बसली. बघणारा उरला होता फक्त माझा भाऊ. मी त्याला हात जोडले, “जास्त काय नको. त्यांच्या हातात दोर होता, एवढंच सांग.” तो साहेबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मी लांब होतो. काय दिसलं न्हाय.” मी मागच्या खुर्चीवरून ओरडले, “खोटं बोलतो!” मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी तो किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेला. मी समोर जाऊन उभी राहिले.

“पुढाऱ्याला भितोस?”

“न्हाय ताय.”

“पैसे खाल्लेस?”

“न्हाय गो.”

“मग दोर होता म्हणायला तुझं काय जातंय? बोल ना, मुडद्या!”

त्यानं सुई खाली ठेवली. मग म्हणाला, “होता दोर. मी हातानं लांब जा म्हणत होतो, तरी भावोजींनी टाकला. मी झेलला, ताय. हातात होता माझ्या.”

मी त्याच्यासमोर वाळूत बसले.

“तार अडकली तशी त्या दोरानं माझी बोट पण कलायला लागली. वायरलेसवर तो परदेशी साहेब ओरडत होता. पुढाऱ्याचा माणूस माझ्या बाजूला उभा. तो म्हणाला, सोड, नायतर आपण पण जाऊ.” तो लहान पोरासारखा रडायला लागला. “दोर होता म्हटलं, की समितीचे साहेब पुढचं विचारतील, ताय. सोडला कुणी.”

समितीनं आता मला बोलावलंय. दोर होता, एवढंच मला सांगायचंय.