यशूच्या दह्याचं सॅम्पल

भिलाईच्या प्लांटात मी जन्मभर सॅम्पल तपासले. आता मी रिटायर झालो, पण सवय काही रिटायर व्हाले तयार नाही.

नात यशोधरा आठ महिन्यांची झाली, तवा सून संघमित्रा म्हणाली, "बाबा, आईचं दूध तर चालूच राहीन, पण आज यशूले चमचाभर दही देऊन पाहू. डॉक्टरनं सांगतलं, अंगावर पुरळ येते का, पोट बिघडते का, ते पाहत राहाचं."

पाहत राहाचं! या कामाले माझ्यासारखा माणूस आमच्या अख्ख्या जुनवानी वस्तीत भेटला नसता. मी चष्मा पुसला अन् म्हटलं, "आधी सॅम्पल."

मले दही कधीच पचलं नाही, पण ड्यूटी म्हंजे ड्यूटी. मी वरचं चाखलं, मग मधलं, मग बुडाचं, कावून की एका जागेचं सॅम्पल खरं नसते.

"बाबा, वाटी खाली झाली," सून म्हणाली.

तिनं दुसरी वाटी आणली. लॉट वेगळा, म्हणून तिचीही तपासणी झाली. शेवटी यशूले चमचाभर भेटलं. तिनं तोंड वाकडं केलं, मिटक्या मारल्या अन् पुन्हा तोंड उघडलं.

मी भिंग घेऊन तिच्या गालावर पुरळ शोधत बसलो. एकही सापडलं नाही. संध्याकाळी ती मजेत खेळून राहिली होती अन् मी संडासातून बाहेर निघत नव्हतो.

दारावर टकटक झाली. "बाबा, डॉक्टरले फोन लावला. दह्यानं त्रास झाला का, विचारून राहिले. काय सांगू?"

मी आतूनच ओरडलो, "पोरगी पास सांग! इन्स्पेक्टर रिजेक्ट!"