सुकेळ्यांवर जिंकलेली मालिका

राजोडीच्या अलीकडच्या आळीत फ्रेडरिकला ओळखत नाही असा माणूस नाही, कारण त्याचा आवाज टाळणं कोणालाच शक्य नाही. वाडीत राजेळी, वेलची अशी केळी लावतो, राजेळी वाळवून सुकेळी करतो, आणि त्यांच्या ऑर्डरी अंगणात उभा राहून फोनवर घेतो. फ्रेडरिक फोनवर बोलायला लागला की फोनची गरज काय, असा प्रश्न पलीकडच्या आळीलाही पडतो. साठीला टेकलेला, पोट थोडं पुढे, केसांना कलप. कलप लावत नाही असं तो म्हणतो. त्याची उशी वेगळं सांगते.

तर ह्या माणसाने गावात बेसबॉलचा संघ काढला होता. शाळेत असताना खेळाच्या सरांनी लावलेलं वेड, ते लग्न झालं, पोरं नोकरीला लागली, तरी उतरलं नाही. संघात आळीतली पोरं आणि बोळिंजच्या सोसायट्यांतली नोकरदार मंडळी. सगळी मूळची क्रिकेटची. बेसबॉलमध्ये फटका मारला की बॅट टाकून पळायचं असतं. ह्यांचे खेळाडू बॅट घेऊनच पळत, आणि बेसवर पोचले की ती इमानेइतबारे जमिनीला टेकवत. पंच हसायचे. संघ हरायचा. फ्रेडरिक दर वेळी म्हणायचा, "थोडक्यात गेला," आणि ऐकणारा स्कोअर विचारायचं टाळायचा.

गावाच्या मैदानाची रविवार सकाळ ह्या संघाकडे होती, आणि तीच फुटबॉलवाल्यांच्या डोळ्यात खुपत होती. मैदान समितीचा अध्यक्ष जेन्सन, म्हणजे फ्रेडरिकच्या बायकोचा, रिटाचा, धाकटा भाऊ. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर त्याने विषय काढला.

"भावोजी, पुण्याचा तो राज्यात पहिला आलेला संघ सरावाला येतोय म्हणे तुमच्याकडे? शुक्रवार, शनिवार, रविवार?"

"येतोय. आम्हीच बोलावलंय."

"कशाला? त्यांना आराम मिळावा म्हणून?"

पायऱ्यांवरच्या बायका हसल्या. त्या हसल्या नसत्या तर पुढचं घडलं नसतं. फ्रेडरिकची जीभ सुटली. "तीन सामन्यांची मालिका जिंकून दाखवतो. नाही जिंकली तर रविवार सकाळ तुझ्या फुटबॉलला."

जेन्सनने लगेच हात पुढे केला. घरात शिरल्यावर रिटा म्हणाली, "रविवारी सकाळी तू घरात बसणार म्हणजे. माझा विचार केलास का तू?"

फ्रेडरिक हसला, पण जेवला कमी. त्या मैदानाशिवाय रविवार कसा असतो, हे त्याला आठवतच नव्हतं.

शुक्रवारी पुण्याने पंधरा धावा केल्या, ह्यांनी शून्य. जेन्सनने मैदानाच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या, दोन्ही बाजूंसाठी.

संध्याकाळी पोरं फ्रेडरिकच्या अंगणात माना खाली घालून बसली. चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, बोळिंजचा कौस्तुभ. दिवसा बँकेत काम करतो. फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा, म्हणजे कॅचर, आळीतला जॉयल. पुढचा चेंडू कोणता, हे जॉयल पायांमध्ये बोटं धरून कौस्तुभला खुणेने सांगायचा.

"अंकल, ते माझी बोटं वाचतात," जॉयल म्हणाला. "त्यांचा माणूस दुसऱ्या बेसवर आला की त्याला सगळं दिसतं. तो टोपीला हात लावतो आणि फलंदाजाला कळतं."

"मग खुणा बदल."

"बदलल्या होत्या. त्यांच्याआधी कौस्तुभच गोंधळला."

"मला नका रे ओढू मध्ये," कौस्तुभ म्हणाला.

इतक्यात फ्रेडरिकचा फोन वाजला. नालासोपाऱ्याचं गिऱ्हाईक. "राजेळी? राजेळी आहेत," तो गरजला. "वेलची उद्या. सुकेळी हवीत तर आत्ता बोला." शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले. जॉयलने कानावर हात ठेवला, आणि तसाच ठेवून हळूहळू हसायला लागला.

"अंकल, बोटं कशाला हवीत? तुम्ही आहात की."

आणि तसं ठरलं. लांब, सरळ राजेळी म्हणजे सरळ वेगाचा चेंडू. इवलीशी वेलची म्हणजे हळू. सुकून वाकडी झालेली सुकेळी म्हणजे शेवटच्या क्षणी खाली वळणारा. रिटा मैदानाच्या कुंपणाशी केळ्यांचं टेबल लावणारच होती. तिला बजावलं, सामना चालू असताना मोठ्याने फळाचं नाव घ्यायचं नाही.

शनिवारी फ्रेडरिक कानाला फोन लावून कडेला उभा राहिला. फोन बंद होता. "हां, बोला शेठ. वेलची पाठवतो, वेलची." कौस्तुभने हळू चेंडू टाकला, फलंदाजाची बॅट आधीच फिरून गेली. "राजेळी भरा टेम्पोत." पुढचा सपकन गेला. जॉयल बोटं दाखवतच होता, पण उगीच, वाटेल ती. दुसऱ्या बेसवरचा पुणेकर टोपीला हात लावून लावून थकला.

त्यांचे कोच चंद्रहास सर सज्जन माणूस. डाव बदलताना स्वतः चालत आले. "काका, धंदा मोठा दिसतोय. पण सामना चालू आहे, फोन थोडा वेळ ठेवता येणार नाही का?"

"सर, नाशवंत माल आहे," फ्रेडरिक म्हणाला.

शनिवारचा सामना फ्रेडरिकच्या संघाने तीन विरुद्ध दोन जिंकला. एकाने तर धाव काढताना बॅटसुद्धा टाकली.

रविवारी मिस्साला फादरांनी प्रवचन आटोपतं घेतलं. गाव मैदानावर लोटलं. बोळिंजहून सोसायटीच्या बायका रिक्षा करून आल्या. पुण्याच्या खेळाडूंचे आईवडीलही आले होते. जेन्सन आला, पण टाळ्या वाजवत नव्हता.

शेवटच्या डावात फ्रेडरिकचा संघ एका धावेने पुढे. पुण्याचे दोन बाद, दोन माणसं बेसवर, आणि समोर त्यांचा सर्वांत दांडगा फलंदाज. तो दोनदा चुकला होता. तिसऱ्यांदा चुकला की सामना संपला, फटका लागला की रविवार गेला. फ्रेडरिकने फोन कानाला लावला. राजेळीच, त्याने ठरवलं. सरळ, वेगात. तोंड उघडलं.

त्याच क्षणी टेबलाशी एका बाईंनी रिटाला काहीतरी विचारलं, आणि रिटा, नवऱ्यापेक्षा वरच्या पट्टीत, ओरडली, "फ्रेडी, सुकेळी कुठे ठेवलीस रे?"

कौस्तुभने मान डोलावली.

"नाही! नाहीत! संपली!" फ्रेडरिक दोन्ही हात हलवत नाचू लागला. कौस्तुभला वाटलं, अंकल गिऱ्हाईकाला सांगताहेत. चेंडू सुटला. सरळ, वेगात आला, फलंदाज ज्याची वाट बघत होता अगदी तसा. त्याने सगळा जीव लावून बॅट फिरवली, आणि चेंडू त्याच्या गुडघ्याखाली घसरून जॉयलच्या हातमोज्यात जाऊन बसला.

पंचाचा हात वर गेला. पोरांनी कौस्तुभला खांद्यावर घेतलं, मग फ्रेडरिकला घ्यायचा प्रयत्न केला, मग वजन बघून नुसतीच मिठी मारली. चंद्रहास सरांनी त्याचा हात हातात घेतला. "काका, अशा वेळी तो चेंडू मागायला छाती लागते."

"अनुभव," फ्रेडरिक म्हणाला.

"माझा," रिटा मागून म्हणाली. सुकेळी मागणाऱ्या बाई तिच्या शेजारीच उभ्या होत्या. त्या त्याच फलंदाजाच्या आई निघाल्या. रिटाने त्यांना दोन पुडकी जास्त बांधून दिली, आणि का दिली ते सांगितलं नाही.

गर्दी पांगल्यावर जेन्सन आला. पायाने माती उकरत उभा राहिला. "रविवार तुमचा, भावोजी. माझी पोरंसुद्धा विचारताहेत, हा खेळ शिकायला कोणाला भेटायचं."

फ्रेडरिकने मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकला. आवाज जमेल तितका खाली आणला, म्हणजे चर्चपर्यंतच गेला.

"पाठव सगळ्यांना. पण मग रविवार पुरायचा नाही रे, जेन्सन. शनिवारचं काय करतोस बोल."