खंडेनवमीपुरतं गोडं पाणी

"मॅडम, पाइप टाकायचा असेल तर आत्ता टाका. होळी झाली की माझं काँक्रीट सुरू," रस्ते विभागाचे जगताप म्हणाले आणि निवांत चहा प्यायला लागले.

तळवड्याच्या रस्त्याचं काम होतं. रुंदीकरण, बसला वेगळी लेन, कडेने सायकल ट्रॅक. निधी मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जातो, म्हणून जगतापांची घाई खरी होती. माझीही खरी होती. त्याच रस्त्याखालून मला पाइपलाइन न्यायची होती, आणि काँक्रीट पडलं की पुढे कित्येक वर्षं तिथे कुणी कुदळ मारू देत नाही.

मी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात उपअभियंता आहे. ही लाइन पिण्याच्या पाण्याची नव्हती. घराघरांतलं सांडपाणी एसटीपीमध्ये, म्हणजे शुद्धीकरण केंद्रात, स्वच्छ करून नदीत सोडतात. तेच पाणी आणखी एकदा गाळून, जंतू मारून कारखान्यांना द्यायचं, अशी योजना. पार्ट धुवायला, मशीन थंड ठेवायला, संडासाला, बागेला. या सगळ्यासाठी आज पवना धरणातलं पिण्याचं पाणी जातं. ते वाचलं की चिखलीला वळवता येणार होतं.

चिखलीत दर दसऱ्याला नवी बिल्डिंग उभी राहते आणि पाणी दिवसाआड येतं. शेवटच्या टोकाच्या सोसायट्यांत तर नळ नुसता फुसफुसतो. त्यातल्याच एका सोसायटीत मी राहते, त्यामुळे हा प्रश्न मला फाइलमधून समजून घ्यावा लागला नाही. शहराच्या हवामान आराखड्यात सांडपाण्याच्या पुनर्वापराचं उद्दिष्ट मोठ्या अक्षरांत छापलंय. छापायला काय जातंय.

पाइप येऊन रस्त्याकडेला पडले होते. पण वरून अट होती की गिऱ्हाईक पक्कं झाल्याशिवाय खोदायचं नाही. अट रास्त होती, पाणी घेणारंच कुणी नसेल तर लाइन टाकून करायचं काय? गिऱ्हाईक म्हणजे तिथले छोटे कारखानदार. त्यांचे पुढारी ढोबळे. लेथवर टर्निंगचे पार्ट करायचं त्यांचं वर्कशॉप होतं, मशिनी चांगल्या आणि माणूसही चांगला. ढोबळ्यांनी सही केली की बाकीचे करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ढोबळ्यांच्या शंका मी एकेक करून फेडल्या. क्षार बसतील म्हणाले, लॅबचा रिपोर्ट दिला. वास येईल म्हणाले, कॅन भरून टेबलावर ठेवला. पार्ट गंजतील म्हणाले, तर टँकरभर पाणी पाठवून त्यांच्याच टाकीत पार्ट धुऊन घेतले. सगळं पटलं. सही मात्र नाही. "बघू, मॅडम." बघू म्हणजे नाही, एवढं सरकारी नोकरीत पहिल्याच वर्षी कळतं.

मग एक दिवस मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. "ढोबळेसाहेब, आज खरं कारण सांगा. त्याशिवाय मी उठत नाही."

ढोबळ्यांनी फोरमन बबनरावांना हाक मारली. बबनराव तळवड्याच्या जुन्या घरातले. वर्कशॉप सुरू झाल्यापासून तिथेच. त्यांचा शब्द ढोबळे सहसा मोडत नसत.

"पाणी चांगलं आसंल, मॅडम, आमी कुठं न्हाई म्हन्तो," बबनराव म्हणाले. "पर खंडेनवमीला मशिनी धुवायच्या कशानं?"

मला लगेच उलगडा झाला. करारात कलम होतं की यापुढे पिण्याचं पाणी फक्त पिण्यासाठी. मशीनवर वापरलं तर दंड.

"लक्ष्मी हाय ती आमची. तिच्या अंगावर हे गटारातलं, बाटल्यालं पाणी वतायचं? पोरं न्हाई ऐकायची."

बाटलेलं. तो शब्द ऐकला आणि माझं डोकं सणकलं. आम्ही बौद्ध. आमच्या माणसांचा हात लागला की पाणी बाटतं, असं म्हणणारे लोक याच मुलखात होते. आज मी पाणी द्यायला बसले होते आणि समोर पुन्हा तोच शब्द. जिभेवर आलेलं उत्तर मी गिळलं. ते चुकीचं नव्हतं, पण त्याने पाइप जमिनीत गेला नसता.

"बबनराव, वर्षभर त्या मशिनींवर कूलंट पडतं, ऑइल पडतं, कुणाची तंबाखूची पिचकारीही पडत असेल. ते चालतं?"

"चालतंय की. त्या दिशी न्हाई चालत."

"फक्त त्या दिवशी?"

"त्या दिशीच. बाकी वर्सभर तुमचं पानी वता, न्हाईतर काय बी वता."

म्हणजे सगळं घोडं एका दिवसापाशी अडलं होतं. मी तशीच ऑफिसला गेले आणि कार्यकारी अभियंता देसाईसाहेबांसमोर सूट मागितली.

"महापालिकेच्या करारात खंडेनवमी? ऑडिटवाले मला सोलून काढतील." मग चष्मा काढून ते माझ्याकडे बघत राहिले. "आणि ही सूट तुम्ही मागताय? तुम्ही?"

"मीच मागतेय, सर. मला पूजा घालायची नाही. मला पाइप घालायचाय."

"मनाला पटतंय तुमच्या?"

"नाही पटत. पण चिखलीला पाणी मिळालं पाहिजे, ते पटतं."

साहेबांनी कागद पुढे ओढला. "सणाचं नाव नको," म्हणाले आणि स्वतःच लिहिलं: वर्षातून एक दिवस यंत्रसामग्रीच्या संपूर्ण स्वच्छतेसाठी पिण्याच्या पाण्याचा वापर अनुज्ञेय राहील.

दुसऱ्या दिवशी मी ते बबनरावांना वाचून दाखवलं.

"ह्यात नवमी कुठं हाय?"

"दिवस तुम्ही ठरवायचा. हवं तर एक एप्रिल धरा."

बबनराव पहिल्यांदाच हसले. ढोबळ्यांनी सही केली. त्यांच्या पाठोपाठ बाकीच्यांनीही केल्या, काहींनी तर न वाचता. पुढे आमचा जेसीबी आणि मागे जगतापांचं काँक्रीट, असं ते काम झालं. जगताप रोज मला शिव्या घालत होते, पण त्यांनी एक दिवसही काम पुढे दामटलं नाही.

खंडेनवमीला ढोबळ्यांनी बोलावलं म्हणून गेले. मशिनी धुऊन लख्ख, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. जमीन अजून ओली होती. पिण्याच्या पाण्याचा नळ लांब गेटजवळ, वॉचमनच्या खोलीशी. आमचा नवा नळ मशिनींच्या शेजारीच. आणि रबरी पाइप लावलेला होता आमच्या नळाला.

"बबनराव, मशिनी कुठल्या पाण्याने धुतल्या?"

त्यांनी आधी छताकडे बघितलं. "गोड्या पान्याचा नळ थेट गेटाला. एवढा लांब पाइप कोन वढत बसनार? वरनं तांब्याभर गोडं शिपडलं. झालं की."

"बाटल्या नाहीत ना मशिनी?"

"तुमी बी मॅडम, लई मनाला लावून घेता," म्हणत त्यांनी पेढा पुढे केला.

ज्या शब्दाने माझी रात्रीची झोप गेली होती, तो त्यांच्या लेखी पाइप ओढण्याच्या कष्टांइतक्याही मोलाचा नव्हता. मला हसू आलं आणि त्याहून जास्त राग आला. पेढा मी खाल्ला.

चिखलीच्या टोकाला आता पाणी चढतं. दिवसाआडच येतं, पण चढतं. आणि पुढच्या टप्प्याचे नकाशे काढताना मी दोन गोष्टी पाळते. कुणी सूट मागितली तर देऊन टाकते, आणि आमचा नळ कामाच्या जागेला जितका चिकटवता येईल तितका चिकटवते.