मावळ्यांचे डोळे

मस्कतला जायला निघालो तेव्हा जतच्या एसटी स्टँडवर मला सोडायला दोघंच आले होते, वडील आणि धाकटा भाऊ सदा. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आम्ही कुंभार. दिवाळीच्या हंगामात आबा किल्ल्यावरचे मातीचे मावळे करत आणि सांगलीच्या बाजारात नेऊन विकत. त्या दिवशीही त्यांच्या नखांत माती होती. सदाने माझी पत्र्याची पेटी टपावर चढवली, खाली उतरला आणि म्हणाला, "दादा, येताना टेप आण बरं का. दोन कॅसेटचा."

"आधी जाऊ तर दे त्याला," आबा त्याला म्हणाले. मग गाडीच्या चाकाकडे बघत मला म्हणाले, "जिवाला जप. हिकडची काळजी करू नगंस. मी हाय, सदा हाय."

गाडी हलली. मागच्या काचेतून ते दोघं दिसले, मग नुसती धूळ. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. जे गावात राहिले त्यांना, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांनाही, ती अर्धीच माहीत आहे. त्या अर्ध्या गोष्टीत दोन माणसांवर आळ आहे. एक सदा, दुसरा माझा तिथला साहेब. दोघांचाही काही दोष नव्हता.

मस्कतला मी एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो. त्याआधी काही वर्षं सातारच्या एमआयडीसीत तेच काम केलं होतं, त्यामुळे कामाचं काही वाटलं नाही. वाटायचं ते शुक्रवारचं. शुक्रवारी सुट्टी. कॅम्पमधल्या पत्र्याच्या खोल्या तापायच्या, एसी घरघरायचा, कुणी कपडे धुवायचं, कुणी घरच्या कॅसेटी पुन्हा पुन्हा लावायचं. माझा खोलीवाला मारुती शिराळ्याचा. तो दिवसभर पत्ते खेळायचा. मी कॉटवर पडून छताकडे बघायचो. घरची आठवण यायची असं म्हणता येणार नाही. काहीच यायचं नाही.

एका शुक्रवारी साहेबाच्या बंगल्यातला पाण्याचा पंप बिघडला म्हणून मला बोलावलं. साहेब स्कॉटलंडचा, नाव स्टुअर्ट. पंप चालू करून हात धुवायला आत गेलो तर जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं, त्यावर थर्माकोलचे डोंगर, पुठ्ठ्याची घरं, आणि सगळीकडे बोटाच्या पेराएवढे शिपाई. धातूचे, रंगवलेले. मी बघतच राहिलो. आमच्या अंगणातला दिवाळीचा किल्ला कुणीतरी उचलून टेबलावर ठेवला होता.

"यू लाइक इट?" साहेबाने विचारलं.

मी म्हणालो, "माय फादर मेक्स."

पुढच्या शुक्रवारी त्याने मला खेळायला बोलावलं. खरं म्हणजे त्याला खेळायला माणूस मिळत नव्हता. त्याचे शिपाई विलायतेहून पाकिटांतून यायचे, एका पाकिटात दोन-तीन. ते जमवायचे, रंगवायचे. प्रत्येकाचं एक कार्ड असायचं: हा किती इंच चालतो, किती लांब बाण मारतो, किती मार सोसतो. आपली पाळी आली की टेपने मोजून शिपाई पुढे न्यायचा, भिडला की फासे टाकायचे. मार जास्त झाला की शिपाई आडवा. साहेब म्हणाला, सगळे नियम शिकू नकोस, तुझ्या हातात जे सहा आहेत त्यांचेच शीक. विकतही काही घेऊ नकोस. माझे वापर. हरत राहा.

पहिल्या दिवशी मी ते सहा घेतले आणि मांडले. एक दारावर, दोन बुरुजांवर, बाकीचे तटाला पाठ लावून, तोंडं बाहेर. माझी पाळी आली की मी म्हणायचो, "पास." साहेब वैतागला. "शंकर! मूव्ह, मॅन, मूव्ह!" मला ते सुचलंच नव्हतं. आमच्याकडे किल्ल्यावरचा मावळा एकदा ठेवला की तिथून हलत नाही. दिवाळी संपेपर्यंत तो तिथेच. साहेबाला हे समजावताना माझं इंग्रजी संपलं. त्याच्या शिपायांनी माझे सहाही जण जागच्या जागी आडवे केले. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं.

मग दर शुक्रवारी जायला लागलो. मारुती खोलीतून ओरडायचा, "काय रं गड्या, भातुकली खेळाय चाललास व्हय? साहेबाला म्हणावं, बाहुला-बाहुलीचं लगीन कवा हाय ते सांग, आमी बी जेवाय येतू!"

मी काही मोठा खेळाडू झालो नाही. हौशी म्हणतात तसाही नाही. पण त्या टेबलावर मी सांगेन तसं सहा माणसं करत होती आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. जे बाहेर राहिलेत त्यांना हे कळेल.

त्या पावसाळ्यात जतच्या एसटीडी बूथवर फोन लावून आबांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, मला पेराएवढे मावळे पाहिजेत. आबांचे मावळे साच्यातले, वीतभर. एवढ्या लहानाला साचा नाही, हाताने करावे लागणार. पलीकडे आबा हसले. "पेराएवढं? आरं, त्यास्नी मिशा काढू का नगं?"

"काढा."

"बरं. म्हंजे साहेब बी बघंल की आपलं काम."

दिवाळीला दीड-दोन महिने असताना आटपाडीचा एक ड्रायव्हर मस्कतला परत आला आणि त्याने मिठाईचा एक खोका दिला. आत भुसा, भुशात मावळे. ढाल, तलवार, पागोटं, मिशा, सगळं. खाली, मी न मागता, घागर घेतलेली एक बाई. आबांचा नेमच तो. किल्ला मांडताना आधी दारावरचा पहारेकरी, सगळ्यात शेवटी पाणीवाली. म्हणायचे, "पाणी आलं की गड वसला." टँकरची वाट बघणाऱ्या गावातला माणूस दुसरं काय म्हणणार.

ड्रायव्हर जाता जाता म्हणाला, "म्हातारं लय जवळनं बघतंय हो. नाकाला लावून."

मी मावळे रांगेत उभे केले. पहिल्या दोघांचे डोळे जागच्या जागी होते. आबा खराट्याच्या काडीने डोळे काढत, एका टिपक्यात. पुढच्यांचे टिपके खाली सरकले होते. एकाचे गालावर. एकाचा एक डोळा मिशीत. पाणीवालीला डोळेच नव्हते. तिथपर्यंत पोचेतो त्यांना काडीचं टोकच दिसेनासं झालं असावं.

मी खुळा नव्हतो. त्या रांगेत मला माझ्या बापाची नजर जाताना दिसली, पहिल्या मावळ्यापासून शेवटच्यापर्यंत. आणि मी काय केलं, तर साहेबाकडून बारीक ब्रश मागून घेतला, गालावरचे टिपके कातडीच्या रंगाने झाकले आणि वर नवे डोळे काढले. दिवाळीच्या आठवड्यात साहेबाच्या बंगल्यावर मोठा खेळ ठरला होता, दुसऱ्या कंपन्यांतली माणसं येणार होती. मी असो नसो, माझे मावळे नीट दिसायला हवे होते. पाणीवालीला तेवढा मी हात लावला नाही. तिचं कार्ड नव्हतं, तिचा खेळात उपयोग नव्हता. साहेबाने मात्र तिला उचलून बघितलं आणि स्वतःच्या हाताने तिचं कार्ड लिहिलं: हिच्याशेजारी पडलेला माणूस एकदा उठतो.

खोका आला त्याच आठवड्यात सदाचा फोन आला. "दादा, आबांस्नी नीट दिसंना झालंय. मिरजंला न्यायचं म्हणतोय तर हटून बसल्यात. थोरला दिवाळीला येतोय, तवा जाऊ म्हणत्यात. तू येतुयास न्हवं?"

मी दिवाळीची रजा आधीच मागितली होती. साहेबाने ती मंजूरही केली होती. आबांच्या डोळ्यांचं त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, गो, खेळ काय पुन्हा होईल. माझी रजा नाकारणारा साहेब कधी नव्हताच.

मी गेलो नाही. का गेलो नाही, याचं चांगलं उत्तर मला आजही देता येत नाही. खेळाची एवढी ओढ होती असं नाही. मिरजेच्या दवाखान्याचा व्हरांडा डोळ्यांसमोर यायचा. आबा बाकावर, डॉक्टर मला विचारतायत, काय करायचं सांगा, आणि आबा माझ्याकडे तोंड करून बसलेत. त्यापेक्षा ते टेबल बरं होतं. साहेबाला सांगितलं, भाऊ नेतोय वडिलांना, आता मी जायची गरज नाही. घरी फोन केला आणि सांगितलं, साहेब रजा देत नाही.

सदाने साहेबाला एक शिवी हासडली. आबांनी त्याच्या हातातून फोन घेतला. "नगं रं शिव्या दिऊ. परक्याची चाकरी. त्येचं काम आडत आसंल. सवडीनं ये, बाळा. मी थांबतो."

आणि ते थांबले. सदाने हातापाया पडून बघितलं, शेजाऱ्यांना मध्ये घातलं. आबांचं एकच, थोरला आल्यावर.

दिवाळीत मोठा खेळ झाला. कोण जिंकलं ते मला आठवत नाही. ज्याच्यासाठी राहिलो तेच आठवत नाही.

मी गेलो ते उन्हाळ्यात. मी आणि सदाने आबांना मिरजेला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर येत नाही. आधी आणलं असतं तर जी होती ती राखता आली असती. "इतके दिवस काय करत होतात?" त्यांनी विचारलं. विचारलं मात्र सदाकडे बघून, कारण गावात राहणारा तो होता. सदा गप्प बसला. मीही.

घरी आल्यावर आबांनी विचारलं, "माझं मावळं आणलंस का रं?"

मी खोका दिला. त्यांनी एकेक मावळा हातात घेऊन अंगठा फिरवला. पागोटं, मिशी, ढाल. एकाच्या तोंडावर अंगठा थांबला. परत फिरला.

"ह्याला दुसरा रंग लागलाय. डोळं कुणी काढलं?"

"साहेबानं," मी म्हणालो.

"व्हय? चांगलं केलं. माझं चुकलं आसतील." मग, "जिंकलं का रं?"

"जिंकले."

"मग झालं तर," म्हणाले, आणि पाणीवालीला चाचपून शोधायला लागले.

पुढे आबा बरीच वर्षं जगले. अंगणात बसून हातानेच चुली घालायचे. दिवाळीला सांगलीचा बाजार मात्र बंद झाला. आल्यागेल्याला सांगायचे, थोरला साहेबाच्या पायी अडकला, न्हाई तर आला आसता. गावाने साहेबाला शिव्या दिल्या, पण साहेब लांब होता. सदा जवळ होता. "घरात बसून बापाचं डोळं घालवलं," असं लोक त्याला पारावर तोंडावर म्हणाले. त्याच्या थोरल्या मुलीच्या सोयरिकीतसुद्धा हा विषय निघाला आणि ती सोयरीक मोडली. मला हे कळत होतं. त्या वेळी मी परत येऊन सातारला फ्लॅट घेतला होता. ते लग्न ठरलं असतं तर गेलो असतो, अहेर केला असता. खरं बोललो नसतो.

सातारला मी आता कायमचा आहे. सोसायटीत निवृत्त फौजी पुष्कळ, माझं सगळ्यांशी बरं आहे. कुणी विचारलं, गाव कोणतं, तर जत सांगतो. काही वाटत नाही. मावळे कपाटात असायचे. मध्ये एकदा कापसाच्या बोळ्याला थिनर लावून एकाचे डोळे पुसले. माझा रंग निघाला. खाली गालावर आबांचा टिपका तसाच होता. मग सगळ्यांचे पुसले.

गेल्या उन्हाळ्यात खोका घेऊन जतला गेलो. सदा दारात कॉटवर बसला होता. तोही आता म्हातारा झाला. मी बसलो आणि सगळं सांगितलं, रजेचं, खेळाचं, डोळ्यांचं. तो ऐकत होता. एक मावळा हातात घेऊन बघत होता. त्याची बायको सुमन चौकटीला टेकून उभी होती.

सदा म्हणाला, "हे मला सांगून काय उपेग? म्या काय केलं आन् काय न्हाई, ते मला ठाव हुतंच की. गावाला ठाव न्हाई. गावाला सांग."

"सांगतो."

"तोंडी नगं. तोंडी बोललेलं चार दिसांत हिकडचं तिकडं हुतंय. लिहून काढ. आबांचं डोळं सदानं घालवलं न्हाईत, आसं लिव्ह. आन् त्या गोऱ्याचं बी लिव्ह. लय शिव्या दिल्या म्या त्येला."

म्हणून हे लिहिलं. सदाशिवने आबांना मिरजेला न्यायचा सगळा प्रयत्न केला. आबा माझ्यासाठी थांबले आणि मी रजा असून आलो नाही. स्टुअर्ट साहेबाने मला कधीही अडवलं नाही.

त्या दिवशी एवढं सांगून सदा मावळा खोक्यात ठेवून उठला आणि गोठ्याकडे गेला. खोका कॉटवर तसाच राहिला, तो मी परत आणला नाही. घर म्हणजे काय, असं आता मला कुणी विचारलं तर मला मस्कतची खोली आठवत नाही, सातारचा फ्लॅट आठवत नाही, जुनं अंगणही नाही. त्या दुपारी सुमन आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवला. "घ्या भावजी," एवढंच म्हणाली. मी ते प्यायलो. मग उठलो, आणि संध्याकाळच्या एसटीने सातारला आलो.